पानामागे पलटण
(मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही लांबच्या एका देशाबद्दल बोलणार आहोत. दक्षिण अमेरिकेतला बोलिव्हिया. तिथले केचुआ, आयमारा लोक आपल्यासारखेच आदिवासी. त्यांच्याकडे कोका नावाचं झुडूप आहे. त्याचं पान चघळलं की उंच डोंगरावर भूक आणि थकवा कमी होतो. त्याचा चहा करतात, धरतरीला पान वाहतात. आपल्याला मोह जसा, तसा त्यांना कोका.

पण याच पानापासून रसायनं वापरून कोकेन बनतं. त्यात खरा पैसा कमावणारा शेतात राहत नाही. बंदूक मात्र शेतकऱ्याच्याच दारात आली.

१९८५ नंतर तिथल्या सरकारी कथील खाणी बंद झाल्या. हजारो मजूर बेकार झाले. त्यातले बरेच जण चापारे भागात जाऊन कोका लावू लागले. १९८८ साली कायदा क्रमांक १००८ आला आणि चापारेतला कोका हटवायचं ठरलं. १९९८ मध्ये बान्सेर सरकारने त्यासाठी लष्कर उतरवलं. पाठीशी अमेरिकेचा पैसा. योजनेचं नाव काय, तर 'प्रतिष्ठा'! झुडपं उपटायला आणलेले शिपाई म्हणजे सक्तीच्या भरतीतली गरिबांचीच पोरं. लोकांना सांगितलं, केळी लावा, अननस लावा. पण तो माल घेणार कोण? लोकांनी रस्ते अडवले. गोळ्या चालल्या. माणसं दोन्ही बाजूंची मेली.

शिपायाला शिकवतात, समोरचा तो शत्रू. मग शेतात वाकलेली बाईसुद्धा त्याला शत्रूच दिसते. चूक शिपायाची नाही, त्याला तिथे धाडणाऱ्याची आहे.

पुढे २००४ साली सरकारला बोलणी करावी लागली. चापारेत प्रत्येक कुटुंबाला १६०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण १६ गुंठे, कोका लावायची मुभा मिळाली. जास्त कोण लावतो यावर शेतकऱ्यांची संघटनाच लक्ष ठेवू लागली. जे पलटणीला जमलं नाही, ते गावाने हाती घेतलं. आणि २००६ च्या जानेवारीत त्याच कोका शेतकऱ्यांचा नेता, एवो मोरालेस, राष्ट्राध्यक्ष झाला.

साथींनो, आपल्याकडेही इंग्रजांनी १८९२ साली ठाणे-कुलाबा भागात मोहफुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर कायदा आणला होता. कारण दारूचं दिलं, पण फायदा झाला ठेकेदाराचा. आदिवासीच्या टोपलीतलं फूल मात्र गुन्हा ठरलं.

आम्ही नशेच्या बाजूने बोलत नाही. नशेने घर कसं बसतं ते आपल्या बायांना विचारा. म्हणूनच ग्रामसभेत ठराव करू या. नशेचा धंदा गावात शिरू द्यायचा नाही, ते काम आपलं. कारवाई धंदेवाल्यावर करा, रानात राबणाऱ्यावर नको. आणि कोणाचं पीक बंद करायचं असेल, तर आधी त्याच्या पोटाचं आणि बाजाराचं बोला.

ठरावावर सह्या-अंगठे आजच घेऊ.

जिंदाबाद!