जुनी मोटार आणि तिचा कार्ब्युरेटर

मनुष्याची प्रकृति नाडीवरून ओळखतात, तशी मोटारीची प्रकृति तिच्या श्वासावरून ओळखावी. नव्या मोटारींत हा श्वास विजेच्या यंत्रणेकडून मोजूनमापून घेतला जातो. चालकाला त्याची वार्ताहि नसते. जुन्या मोटारींत मात्र हें काम वीतभर उंचीचें एक धातूचें उपकरण करीत असतें. त्याचें नांव कार्ब्युरेटर. तें नीट असेल तर पन्नास वर्षांची गाडीहि तरुणासारखी धांवते. तें बिघडलें म्हणजे चांगली गाडीहि दमेकऱ्यासारखी रस्त्याच्या कडेला उभी राहते.

प्रवरेच्या कांठचें नेवासें हें ज्ञानेश्वरीचें जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, जेथें तो ग्रंथ सिद्ध झाला, तेथील पैस खांबाच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात. गांवाजवळच्या फाट्यावरून नगर–संभाजीनगर हमरस्ता जातो. त्या रस्त्यावर नव्या गाड्यांच्या गर्दींत क्वचित् एखादी जुनी पद्मिनी दृष्टीस पडते आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहज उद्गार निघतो, “अरे, फियाट!”

ही गाडी महाराष्ट्राचीच लेक. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व मुंबईस कुर्ल्याला तिचा कारखाना झाला. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची गाडी तेथें तयार होऊं लागली. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धांव, एकूण १०८९ घनसेंटिमीटर, असें तिचें साधें इंजिन. सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून निवृत्त झाली. आतां ज्या उरल्या आहेत त्या घरोघरच्या जिव्हाळ्यावर उरल्या आहेत.

समजा, नेवाशाजवळच्या एका शेतकरी गृहस्थाकडे अशीच एक गाडी आहे. वडिलांनीं घेतलेली, म्हणून विकवत नाहीं. एके रात्रीं आईला बरें वाटेनासें झालें, म्हणून तिला घेऊन तो नगरकडे निघाला. घोडेगांवच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागें गाडी हळू करावी लागली. पुन्हां अॅक्सिलरेटर दाबतांच इंजिन अडखळलें, खोकलें आणि बंद पडलें. दुसऱ्याच्या वाहनानें आई दवाखान्यांत पोहोंचली व सुखरूप परतली. परंतु गृहस्थाच्या मनाला ती रात्र बोंचत राहिली. गाडीवर भरंवसा ठेवावा कीं ती भंगारांत द्यावी, हा प्रश्न उभा राहिला.

गॅरेजमधला पोरगा म्हणाला, “काका, कार्ब्युरेटर गेला. मोठ्या गाडीचा बसवून टाकूं. गाडी नुसती उडेल.” म्हाताऱ्या मिस्त्रींनीं मान हालविली. “अरे, डोकें दुखतें म्हणून कोणी डोकें बदलतो काय? आधीं बाकीचें बघूं.”

मिस्त्रींचें म्हणणें बरोबर कां, हें कळण्यास त्या उपकरणाचें कार्य समजलें पाहिजे. पेट्रोल एकटें जळत नाहीं. त्याला हवा लागते. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलामागें सुमारे नऊ हजार लिटर हवा! कार्ब्युरेटरच्या नळीला मध्यें कंबर असते. त्या अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि शेजारच्या टांकींत फ्लोटनें ठराविक उंचीवर राखलेलें पेट्रोल जेटमधून ओढलें जाऊन तुषाररूपानें हवेंत मिसळतें. पूर्ण जोर हवा असेल तेव्हां मिश्रण थोडें घट्ट, म्हणजे साडेबारा-तेरा भाग हवेचें लागतें. सपाट रस्त्यावर संथ चालतांना पंधरा-सोळा भागांचें विरळ मिश्रणहि पुरतें.

आतां निवडीचा प्रश्न. मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठी शक्ति, ही समजूत चुकीची आहे. पद्मिनीचें इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेत असतां हिशेबानें २४५० लिटर जागा रिकामी करतें; प्रत्यक्षांत त्यांत सुमारे दोन हजार लिटर हवा शिरते. याहून अधिक हवा सोडणारी नळी लावली तरी इंजिन ती घेऊं शकत नाहीं. उलट कंबर रुंद झाल्यामुळें कमी वेगांत हवा मंद वाहते, जेटमधून पेट्रोल पुरेसें उचललें जात नाहीं, आणि अॅक्सिलरेटर दाबतांच गाडी अडखळते. शर्यतीच्या गाडीला हें चालेल. ती सदैव वरच्या फेऱ्यांवर असते. जिला बाजारांतून, बैलगाडीमागून व उसाच्या ट्रॉल्यांतून वाट काढावयाची आहे, तिला लहान नळीच हितकर. म्हणून गाडीबरोबर आलेला सोलेक्स जातीचा, वरून खालीं वाहणारा, एका नळीचा कार्ब्युरेटर दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच ठेवावा. मात्र थ्रॉटलचा दांडा जेथें फिरतो तेथील भोंक झिजून तो डुगडुगत असेल, तर तेथून चोरटी हवा शिरते व कोणतेंहि जुळवणें टिकत नाहीं. अशा वेळीं बुश बसवून घ्यावा, नाहींतर त्याच मापाचा दुसरा कार्ब्युरेटर शोधावा. सोलेक्सच्या नांवापुढील ३२ यासारखा आंकडा थ्रॉटलजवळील नळीचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. तो पाहूनच खरेदी करावी.

जुळवणीस हात घालण्यापूर्वीं इतर अंगें तपासणें हा मिस्त्रींचा पहिला नियम. व्हॉल्व्हचें अंतर, पॉइंटची फट, प्लग, ठिणगीचें टायमिंग आणि हवेची जाळी, हीं सर्व ठीक असल्याखेरीज कार्ब्युरेटरच्या स्क्रूला स्पर्श करूं नये. पेट्रोलचे म्हणून सांगितले जाणारे कित्येक दोष वस्तुतः ठिणगीचे असतात. त्यानंतर कार्ब्युरेटरखालचें पॅकिंग पाहावें. तें तडकलेलें असेल तर तेथूनहि हवा ओढली जाते.

मग कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करावा. जेट पितळेचे असतात. त्यांत तार कधींहि घालूं नये, हवेच्या झोतानेंच ते साफ करावे. जेटवरील १२० हा आंकडा भोंकाचा व्यास १.२० मिलिमीटर असल्याचें सांगतो. तेथें केसाएवढा ओरखडाहि मिश्रण बदलतो, कारण भोंकाचें क्षेत्र व्यासाच्या वर्गानें वाढतें: १२० च्या जागीं १२५ चा जेट घातला तर पेट्रोल चार नव्हे, सुमारे साडेआठ टक्के अधिक जातें. फ्लोट कानाशीं धरून हालवावा. आंत पेट्रोलचा आवाज आला तर त्याला छिद्र आहे असें समजावें. निडल झिजली असेल तर पेट्रोल टांकींतून वर येऊन वाहतें व इंजिन काळा धूर ओकतें.

यानंतर खरी जुळवणी. इंजिन पुरतें तापवावें, चोक पूर्ण बंद करावा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानें टेकेपर्यंत आंत फिरवून दीड फेरा बाहेर घ्यावा. तो आवळूं नये. आवळल्यास त्याच्या टोंकाला कंगोरा पडतो. वेगाच्या स्क्रूनें इंजिन मिनिटाला सातशें-आठशें फेऱ्यांवर आणावें. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर व आंत फिरवून इंजिन जेथें सर्वांत सुरळीत व जलद चालेल ती जागा शोधावी. फेरे वाढले तर वेगाचा स्क्रू सैल करावा आणि तोच क्रम पुन्हां एकदां करावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. कानाच्या साक्षीला प्रदूषण तपासणीच्या यंत्राची साक्ष जोडावी. या जुन्या गाड्यांस रिकाम्या चालीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

रस्त्यावरील परीक्षा प्लग पाहून होते. दहा-पंधरा किलोमीटर समान वेगानें जाऊन इंजिन एकदम बंद करावें व प्लग काढावा. बिस्किटासारखा तपकिरी रंग उत्तम. काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पांढुरका रंग म्हणजे पेट्रोल कमी. यांतील काजळी खिशाला खाते, पण पांढुरका रंग इंजिनालाच खातो, कारण विरळ मिश्रणानें उष्णता वाढून व्हॉल्व्ह जळण्याचें भय असतें. उंचीचाहि परिणाम होतो. हवा विरळ झाली कीं मिश्रण आपोआप घट्ट होतें. नेवाशाच्या पठारावर हा फरक नगण्य आहे. सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरास मात्र तो सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो. दोन दिवसांच्या प्रवासासाठीं जेट बदलण्याचें कारण नाहीं. तेथील काजळी पाहून घाबरूं नये इतकेंच.

आतां या काळाचा विशेष प्रश्न. जिच्यासाठीं हा कार्ब्युरेटर घडला, त्या गाडीला शुद्ध पेट्रोल मिळत असे. २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर आलें. इथेनॉल उसापासून होतें, आणि नेवासें तर उसाचा तालुका; सोनईचा मुळा व भेंड्याचा ज्ञानेश्वर हे दोन सहकारी साखर कारखाने येथलेच. योगायोग असा कीं पद्मिनीच्या कंपनीचे संस्थापक वालचंद यांनींहि वालचंदनगरला साखरेचाच कारखाना काढला होता. शेतकऱ्याच्या उसाला नवें गिऱ्हाईक मिळालें हें खरें. परंतु त्याच शेतकऱ्याच्या जुन्या गाडीला तें इंधन जसेंच्या तसें मानवत नाहीं. इथेनॉलमध्यें स्वतःचा प्राणवायु असल्यामुळें त्याला नऊ भागच हवा लागते. मिश्र पेट्रोलला त्या हिशेबानें सुमारे साडेतेरा भाग पुरते. जुनी जुळवणी तशीच ठेवली तर मिश्रण आठ-नऊ टक्के विरळ पडतें. वर सांगितलेला जेटचा एक टप्पा हा फरक जवळजवळ भरून काढतो. पण प्लगचा रंग पाहिल्यावांचून तो बदल करूं नये.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट नळ्यांची. जुन्या प्रकारचें रबर इथेनॉलनें फुगतें, मऊ पडतें आणि तडकतें. तडकलेल्या नळींतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलें तर गाडी पेटण्यास क्षणहि लागत नाहीं. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या नळ्या व पॅकिंगें बसविणें ही काटकसरीची जागा नव्हे. इथेनॉल पाणी ओढतें. म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये, आणि ठेवावीच लागली तर फ्लोटची टांकी रिकामी करावी. तें जुन्या टांकींतला मळहि सैल करतें. तो मळ गाळणींत व जेटमध्यें येऊन अडकतो.

त्या गृहस्थाच्या गाडींत मिस्त्रींना दोन दोष सांपडले. कार्ब्युरेटरखालचें पॅकिंग तडकलेलें होतें, आणि मंद चालीच्या जेटमध्यें टांकींतला मळ बसला होता. नळ्या नव्या झाल्या, जेट साफ झाला, मुख्य जेट एका टप्प्यानें वाढला. कार्ब्युरेटर तोच राहिला. मिस्त्रींनीं जुना आंकडा, नवा आंकडा आणि स्क्रूचे फेरे एका वहींत लिहविले व ती वही पोराच्या हातीं दिली. “पुढच्या वेळेला मी असेन-नसेन,” ते म्हणाले, “वही असूं दे.”

जुन्या वस्तु केवळ प्रेमानें टिकत नाहींत. प्रेमाला मोजमापाची जोड लागते. कार्ब्युरेटरचें ज्ञान आज ज्यांच्या बोटांत आहे, त्यांचे केस पांढरे झाले आहेत. ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं मिस्त्रींशेजारीं एक दिवस बसावें, पाहावें आणि लिहून ठेवावें. मग रात्रींअपरात्रीं आईला घेऊन निघण्याची वेळ आली, तर गाडीवर भरंवसा ठेवतां येईल.