शिडाची नौका आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सभागृहातल्या दिनदर्शिकेवर यंदा निळ्याशार समुद्राचे चित्र आहे. पांढऱ्या शिडाची नौका आणि तिच्यावर आरामात पहुडलेली एक बाई. आपल्या कोरपन्याहून समुद्र शेकडो मैल दूर; तरी ते चित्र पाहून मन प्रसन्न होते. पण मला दर वेळी प्रश्न पडतो, सुकाणू कोणाच्या हाती आहे?

विलायतेत लेडी ॲना ब्रासी नावाच्या श्रीमंत बाई होऊन गेल्या. 'सनबीम' ही त्यांची घरची तीन डोलकाठ्यांची नौका. 1876 साली पती, चार मुले, आया, स्वयंपाकी, खलाशी असा सारा संसार घेऊन त्या जगप्रवासास निघाल्या. चित्रे काढायला बिंगहॅम नावाचे स्नेही बरोबर होते. 1878 साली निघालेले त्यांचे सचित्र प्रवासवर्णन फार गाजले. 1887 मध्ये 'सनबीम' मुंबईसही आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाहून मॉरिशसकडे जाताना हिवतापाने बाईंचा अंत झाला. देह सागरालाच अर्पण करावा लागला. हिवताप आपल्या जंगलभागाला नवा नाही. उष्ण समुद्राच्या रम्य चित्रात तो दिसत नाही, एवढेच.

दुसरी नौका गोव्याची. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली 'तारिणी'. लांबी अवघी 55 फूट. 10 सप्टेंबर 2017 रोजी भारतीय नौदलातील सहा तरुणी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. बरोबर ना नोकर, ना आया. शीड त्यांनीच ओढायचे, रांधायचेही त्यांनीच. परतताना सुकाणूची यंत्रणा बिघडली. मॉरिशसच्या बंदरात दुरुस्ती करून त्या पुढे निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी गोव्यास सुखरूप पोहोचल्या. इथे सुकाणू कोणाच्या हाती होते, हे सांगायला नको.

भगिनींनो, लहानपणी डोंग्यातून पैनगंगा ओलांडताना आई माझी वेणी घट्ट धरून बसे. भाऊ मात्र खुशाल पाण्यात उड्या मारी. त्याला पोहणे शिकवले, मला भीती शिकवली. साठी उलटली तरी ती गेली नाही. माझ्या नातीला ती द्यायची नाही, असे मी ठरवले आहे. म्हणून मंडळाला विनंती करते, येत्या उन्हाळ्यात मुलींसाठी पोहण्याचा वर्ग काढा. पहिले नाव माझ्या नातीचे लिहा. आणि हसू नका, दुसरे माझेच लिहा.