वाईट बातमी वर पोचू द्या
(रेडिओवरील भाषण)



बार्शीच्या बाजारातलं अडत दुकान असो, डाळ मिल असो, पतसंस्था असो की शाळा, ती चालवणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही: माझ्या हाताखालची माणसं मला खरं सांगतात का? भांडवल आहे, ओळखी आहेत, मालक हुशार आहे, तरीही धंदा बसतो. काय बिघडलंय ते हमालापासून मुनिमापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मालकाला मात्र ते सर्वांत शेवटी कळतं. म्हणून आज नेतृत्वाविषयी बोलताना मी कुठल्या कारखानदाराचं उदाहरण घेणार नाही. वाईट बातमी शोधून काढणं हेच ज्याचं काम, अशा आपल्याच गावातल्या एका उपक्रमाचं घेणार आहे.

1987 साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत आली. निव्वळ ग्रामीण लोकसंख्येसाठीची ही देशातली पहिली कर्करोग नोंदणी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने आणि संशोधक डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातली महत्त्वाची नावं.

शहरात रुग्ण दवाखान्यात येतो, तिथले कागद पाहून नोंद करता येते. खेड्यातली बाई दुखणं अंगावर काढते. सुगी आहे, पोरीचं लग्न आहे, गाडीभाड्याला पैसे नाहीत. ती दवाखान्यात पोचतच नाही, मग कागद कुठून होणार? म्हणून बार्शीत वाट उलटी धरली. प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचं, रोगाची लक्षणं लोकांना साध्या शब्दांत समजावायची, शंका वाटेल त्याला तपासणीसाठी बार्शीला यायला राजी करायचं.

आता यातली मेख पाहा. एखाद्या गावात यंदा रुग्ण कमी सापडले, तर त्याचे अर्थ दोन. रोग खरोखर कमी असेल, किंवा कार्यकर्ता ओट्यावर चहा पिऊन परत आला असेल. वहीत दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो! साहेब नुसता आकडा पाहून शाबासकी देणारा असेल, तर काम न करणारा पुढे जातो आणि घरोघर फिरून दुखणं शोधणारा मागे पडतो. म्हणूनच कर्करोगाच्या नोंदणीत एकट्यादुकट्याच्या वहीवर विसंबून चालत नाही. दवाखान्यांचे कागद आणि मृत्यूच्या नोंदी यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. हे ताडून पाहणं कुणाला पकडण्यासाठी नसतं. खरं काम करणाऱ्याचं काम त्यातूनच उजेडात येतं.

या कष्टाचं फळ दिसलं. लोकांमध्ये जाणीव वाढली, तसा गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडण्याचं प्रमाण वाढलं, असं या चमूनं 1995 मध्ये शोधनिबंधातून मांडलं. पुढे ऑक्टोबर 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्यानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी देऊ केली, त्यातल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या कर्करोगानं दगावल्या. जिथं नेहमीचीच आरोग्यसेवा होती, त्या गटातल्या 31,488 पैकी 64. तुलनेच्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे वादही झाला, आणि तो प्रश्न विचारणं रास्तच होतं. पण एवढ्या स्त्रिया अंगावरच्या तपासणीला तयार झाल्या, ही गोष्ट कुठल्याही यंत्रानं घडवलेली नाही. दारात उभी राहून, सासूसमोर, लाजणाऱ्या सुनेशी नीट बोलणारी आरोग्यसेविका नसती, तर प्रयोगशाळेतलं यंत्र रिकामंच राहिलं असतं.

श्रोतेहो, आपल्या दुकानात, कचेरीत याच रीतीनं पाहा. गोदामातली तूर खालून ओलावली आहे, हे हमालाला पोतं उचलताच कळतं. अमुक गिऱ्हाइकाची उधारी बुडणार, हा अंदाज मुनिमाला आधीच असतो. ते सांगत का नाहीत? कारण मागं कुणी सांगितलं तेव्हा त्याच्यावरच खेकसलं गेलं. “तुझं काम कर, शहाणपणा नको,” हे वाक्य ज्या दुकानात एकदा उच्चारलं गेलं, तिथं पुढची कितीतरी वर्षं मालकाला फक्त गोड बातम्या ऐकू येतात. बुडाला की मग तो म्हणतो, माणसंच नालायक निघाली.

तेव्हा माणसं सांभाळायची म्हणजे काय? नुसती दिवाळीला मिठाई आणि अडचणीला उचल नव्हे, तीही द्यावी. कामाला लावताना ते काम कशासाठी आहे हे समजावून सांगावं, मग शिकवावं. नडीची बातमी आणणाऱ्याचे आधी आभार मानावेत, दोष कुणाचा ते नंतर पाहावं. आकडा मागावा, पण आकड्यावरच बक्षीस लावू नये, नाहीतर आकडा तेवढा मिळेल आणि काम राहून जाईल. आणि महिन्यातून एकदा तरी स्वतः उठून जिथं काम चालतं तिथं जावं. खुर्चीत बसून गाव कळत नाही.

शिस्त नको, असं मी म्हणत नाही. हिशेबात खोट करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण चूक कबूल करणारा आणि चूक लपवणारा यांना एकच शिक्षा देणारा प्रमुख, सगळ्यांना लपवायलाच शिकवत असतो.

बार्शीच्या व्यापारी बंधूंना, संस्थाचालकांना आणि बचत गट चालवणाऱ्या भगिनींना माझं एवढंच सांगणं आहे. उद्या आपल्याकडच्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला जवळ बसवा आणि विचारा, “आपल्याकडे काय बिघडलंय?” तो बोलेल ते मधे न तोडता ऐका. त्यातली एक तरी गोष्ट आठ दिवसांत दुरुस्त करा आणि ती त्याच्या सांगण्यावरून केली, हे चारचौघांत त्याचं नाव घेऊन सांगा.