स्लॅबची आदली संध्याकाळ
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या व्यासपीठावर कवी येतात, इतिहासाचे अभ्यासक येतात, निवृत्त न्यायाधीश येतात. संयोजकांनी यंदा बांधकाम ठेकेदाराला बोलावलं, त्याबद्दल आभार. ठेकेदार म्हटलं की श्रोत्यांपैकी निम्म्यांना आपापल्या घरातली गळती आठवते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा गळतीचाही विषय टाळणार नाही.

आम्ही ठेकेदार कुठेही भेटलो तरी पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या काय चालू आहे?" तब्येत, मुलंबाळं, सगळं त्यानंतर. हार्डवेअरच्या दुकानाची पायरी असो की नगरपालिकेतल्या बांधकाम खात्याबाहेरचा बाक, खिशातून मोबाइल निघतात आणि फोटो सुरू होतात. एकाची प्लिंथ झालेली असते, दुसऱ्याचा तिसरा स्लॅब पडलेला असतो, तिसऱ्याचं बाहेरचं प्लास्टर उरकून परांची उतरायला आलेली असते. सुतारकामाचा ठेकेदार स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या दाखवतो. मग भावांची चौकशी. क्रश सँड ब्रासला कितीला पडली, सेंटरिंगवाला फुटाला काय घेतो, एखादा चांगला गवंडी रिकामा आहे का, होळीला गावी गेलेली माणसं परतली का. ज्या गोष्टी इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नाहीत, त्या आम्हाला या पायरीवर कळतात. म्हणून या गप्पांना मी नावं ठेवणार नाही.

फोटोंना मात्र ठेवणार आहे. इतकी वर्षं ते बघून माझं एक मत झालंय. आम्ही एकमेकांना आणि घरमालकाला जे दाखवतो, ते बहुतेक वेळा चुकीच्या दिवसाचं असतं. स्लॅबच्या दिवसाचा फोटो हमखास असतो: मिक्सरला हार, फोडलेला नारळ, रांगेने चाललेली घमेली, कोपऱ्यात टोपी घालून उभे असलेले मालक. पण तोवर बघण्यासारखं जे होतं ते काँक्रीटखाली गेलेलं असतं. बघायचं असतं ते आदल्या संध्याकाळी.

त्या संध्याकाळी वर चढलात तर सळयांची जाळी बांधून तयार असते. तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे सरकवलेले दिसले पाहिजेत. आम्ही त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतो. सळई सेंटरिंगच्या प्लेटला टेकू नये, तिच्याखाली काँक्रीटचा थर राहावा, एवढंच त्यांचं काम. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या हवेत स्लॅबला हा थर किमान २० मिलिमीटर हवा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्याहून बराच जास्त. ठोकळे नसले तर सळई तळाला चिकटते. प्लेटा काढल्यावर तिची रेघ खालून दिसते, मग गवंडी तिच्यावर प्लास्टर मारतो आणि रेघ नाहीशी होते. पुढे काही वर्षांनी सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पलंगावर पडू लागतात. मालक म्हणतात, सिमेंट खराब होतं. सिमेंटचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

आता गॅलरीकडे या. गॅलरी भिंतीतून पुढे आलेली, तिला पुढच्या बाजूला टेकू नाही. त्यामुळे ताण येतो तो वरच्या अंगाला, आणि मुख्य सळई वर ठेवावी लागते. ती वर राहावी म्हणून खाली वाकवलेल्या सळयांच्या खुर्च्या लावतात. दुसऱ्या दिवशी बिगारी याच सळयांवर पाय देऊन जातात, फिटर जेवायला गेलेला असतो आणि सळई दबते. चार-साडेचार इंचांच्या स्लॅबमध्ये ती दीड-दोन इंच खाली बसली, तर गॅलरीची ताकद निम्म्यावर येते. वरून थापी मारून झाली की दोन्ही गॅलऱ्या सारख्याच दिसतात, दबलेलीही आणि न दबलेलीही. ज्या फोटोत माणसं सळयांवरून चालताना दिसतात आणि कुठे फळ्या टाकलेल्या दिसत नाहीत, तो फोटो ठेकेदार कौतुकाने दाखवत असतो!

चालू कामाचे फोटो काढायची हौस मोबाइलबरोबर आलेली नाही. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६च्या सुमारास सुरू झालं. पहिल्या ठेकेदाराने ते १८५९मध्ये सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. ठेका त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढे चालवला; अनुभवी इंजिनिअर नेमून काम तडीस नेलं. पंचवीस बोगदे आणि १८३१ फुटांची चढण असलेला तो मार्ग १८६३मध्ये सुरू झाला. या कामाच्या फोटोंचा एक अल्बम या बाईंच्या नावाने ओळखला जातो. आज आम्ही जे करतो ते त्या काळी जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन केलं गेलं, तेही घाटात.

आणि १८६७च्या पावसाळ्यात याच घाटातला महूकी मल्ली नावाचा दगडी पूल कोसळला. दगडी बांधकामाच्या दर्जावरच बोट ठेवलं गेलं, नंतर इतर पुलांचीही तपासणी झाली. जाड दगडी कामाचं दुखणं तेव्हा जे होतं तेच आजही आहे. दर्शनी चिरे घडीव असतात. पोटात काय भरलंय, चुना दगडांच्या सांध्यात शिरला की नुसता वर ओतला, हे दर्शनी बाजू सांगत नाही. त्या बाईंना मी दोष देत नाही, कोणता खांब कोणाच्या अमदानीत उभा राहिला हा वेगळा विषय. फोटोत कमान उभी दिसते, एवढंच मला म्हणायचंय.

टक्क्यांचंही तसंच. "ऐंशी टक्के काम झालं" हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा उरलेल्या वीस टक्क्यांनी घाम फोडलेला आहे. सांगाडा भराभर वर जातो आणि लोकांना वाटतं घर झालं. पैशाचं गणितही सांगाड्याच्या बाजूचं आहे. महारेराच्या नमुना करारात करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅब पूर्ण झाले की ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, नळ, वॉटरप्रूफिंग, लिफ्ट हे सगळं उरलेल्या ३० टक्क्यांत बसवायचं. रेरा कायदा चांगला आहे. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीएच्या दाखल्याशिवाय त्यातून काढता येत नाहीत, दर तीन महिन्यांनी प्रगती जाहीर करावी लागते. मात्र कितवा स्लॅब झाला हे त्या प्रगतीत कळतं. त्यावर पाणी किती दिवस मारलं हे कळत नाही. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. आळी बांधून पाणी भरलेल्या नवव्या दिवसाचा फोटो कोणी दाखवला, तर त्याला चहा माझ्याकडून.

आमच्यात सुतारमंडळी जरा वेगळी. ओळंबा, गुण्या, रंधा, पटाशी हाताळणाऱ्या जुन्या मिस्त्रीला चौकट उभी करण्याआधी सांध्यातली कूस आणि साल जुळलेली दाखवायची सवय असायची, कारण एकदा ठोकून बसवली की आत पोकळ आहे की घट्ट हे त्यालाच माहीत. आता बहुतेक काम प्लायवुडचं. झळझळीत सनमायका लावलेलं कपाट फोटोत छान दिसतं. मी विचारतो, सिंकखालचा बॉक्स उलटा करून दाखव. प्लायवर ७१० हा मानक क्रमांक छापलेला असेल तर ती पाण्याला टिकणारी. ३०३ची साधी असेल तर बेडरूममध्ये चालेल, सिंकखाली तिच्या कडा फुगणार. शिक्का असतो मागच्या बाजूला, आणि मागची बाजू भिंतीला लागते. एक तरुण सुतार आता प्रत्येक बॉक्स बसवण्याआधी शिक्क्यासकट फोटो काढून मालकाला पाठवतो. दर इतरांपेक्षा थोडा जास्त लावतो, आणि त्याच्याकडे काम थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

यात नवीन काही नाही. सरकारी कामांच्या छापील अटींत जुनं कलम आहे: जे काम झाकलं जाणार, ते झाकण्यापूर्वी इंजिनिअरला कळवायचं आणि त्याने मोजवहीत मापं चढवायची. पायाची खोदाई, पायातलं काँक्रीट, सळया. खासगी कामात हे कलम कोणी घालत नाही, कारण मालकाला ते माहीत नसतं आणि ठेकेदाराला आठवत नाही.

संयोजकांनी सांगितलंय की शेवटी उपयोगाचं काहीतरी सांगा. ज्यांचं घर चालू आहे त्यांनी आपल्या ठेकेदाराकडून चार फोटो मागावेत: स्लॅबच्या आदल्या संध्याकाळचा, गॅलरीच्या सळया जवळून दिसतील असा; प्लास्टरपूर्वी भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपांचा, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे खिळा मारताना नेम चुकणार नाही; संडास-बाथरूममध्ये फरशीआधी पाणी भरून ठेवलेलं असतानाचा; आणि दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीच्या छताचा. हा शेवटचा मिळाला तर सुरुवातीला म्हटलेली गळती बऱ्याच अंशी टळते. ठेकेदार कुरकुर करील. करू द्या. स्लॅबच्या दिवशी पेढे घेऊन या, पण उभे राहा गॅलरीपाशी, आणि चालायला फळ्या टाकल्यात का ते बघा.