आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया

भोंगवलीहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे. कर्ज नाही, हप्ता नाही, शेळीपालनही नाही. आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या जुन्या चांदीच्या नाण्यांबद्दल. कुणी त्यांना राणीछाप म्हणतं, कुणी कलदार, तर कुणी बंदा रुपया. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायची आणि मग परत चिंधीत बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवून द्यायची, अशी ती नाणी.

ही नाणी बहुतेक घरांत बाईच्याच ताब्यात असतात. आईनं लेकीला दिलेली, सासूनं सुनेच्या ओटीत घातलेली. अडीनडीला आपण तीच काढतो. पोराची फी, दवाखाना, बियाणं. आणि काढतो तेव्हा घाई असते. समोरचा म्हणेल तो भाव. म्हणून आजचं सांगणं एवढंच, की नाणं हातातून जाण्याआधी त्याचं वजन, साल आणि चांदी किती, या तीन गोष्टी आपल्याला माहीत हव्यात. आपण जाणकार व्हायला नको, पण अडाणीही राहायला नको.

आधी वजन. इंग्रजांनी 1835 साली सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. त्याचं वजन बरोबर एक तोळा ठेवलं, म्हणजे आजच्या मापानं 11.66 ग्रॅम. आपल्या आज्या रुपया तागडीत टाकून वजन करायच्या ते यामुळंच. ऐंशी रुपयांचं वजन म्हणजे एक शेर. या रुपयात शंभर भागांत जवळजवळ 92 भाग चांदी, नेमकं सांगायचं तर 91.7. बाकी तांबं. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम.

आता इथंच मेख आहे. सराफ बाजारात आज तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात. आपली आजी म्हणते, “एक रुपया म्हणजे एक तोळा.” घेणारा म्हणतो, “हो आजी, एक तोळाच.” दोघंही खरं बोलतात, पण आजीचा तोळा 11.66 चा आणि त्याचा 10 चा. नाण्यामागं दीड ग्रॅमहून जास्त चांदी बोलता बोलता जाते.

आमच्या गटातल्या एका मावशींकडं अकरा नाणी होती. दारावर आलेल्या एका माणसानं हिशोब केला. अकरा तोळे म्हणजे 110 ग्रॅम, त्यात आटणीची घट तीस टक्के, राहिली 77 ग्रॅम चांदी. मावशी म्हणाल्या, “थांबा, सुनेला विचारते.” तेवढं त्या थांबल्या हे फार चांगलं झालं. आम्ही नाणी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. वजन भरलं 127 ग्रॅम. थोडी झिजली होती, म्हणून 128 नाही भरलं. मग साल वाचलं. आठ नाणी जास्त चांदीची, तीन कमी चांदीची. आठांची चांदी निघाली 84.7 ग्रॅम, तिघांची 17.3 ग्रॅम, मिळून 102 ग्रॅम. कुठं 77 आणि कुठं 102! हिशोबाला सोपं म्हणून चांदीचा भाव किलोला एक लाख धरा, ग्रॅमला शंभर रुपये. पंचवीस ग्रॅमचे अडीच हजार रुपये झाले. भाव त्याहून वर असेल तर फरक आणखी मोठा. सराफ थोडी घट आणि आटणीचा खर्च कापतो, ते चालतं. पण किती कापला ते आपण विचारायचं, आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.

आता साल आणि छाप. नाणं हातात घ्या आणि आधी तोंड पाहा. मुकुट घातलेली बाई असेल तर ती व्हिक्टोरिया राणी. तिच्या नावापुढं ‘क्वीन’ असेल तर नाणं 1876 पर्यंतचं, ‘एम्प्रेस’ असेल तर 1877 ते 1901 मधलं. इंग्रजी अक्षरं वाचता येत नसतील तर शाळेतल्या लेकराला वाचायला लावा, त्यालाही इतिहास कळेल. दाढीवाला पण डोक्यावर मुकुट नसलेला राजा म्हणजे सातवा एडवर्ड, साल 1903 ते 1910. दाढी आणि मुकुट दोन्ही असलेला पाचवा जॉर्ज, त्याची नाणी 1911 पासूनची. मुकुट आहे पण दाढी नाही, तो सहावा जॉर्ज. इथं मात्र जपून. 1940 पासून 1945 पर्यंतच्या रुपयात निम्मीच चांदी आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडली, म्हणून सरकारनं ती कमी केली. त्या एका रुपयात शुद्ध चांदी भरते 5.83 ग्रॅम. आणि मागं वाघ असलेला 1947 चा रुपया तर निकेलचा. लोहचुंबक लावा, पटकन चिकटतो. चांदी चिकटत नाही. तेव्हा सगळी नाणी एकाच भावानं देऊ नका, आणि कमी चांदीचं जास्तीच्या भावानं मागूही नका. दोन ढीग वेगळे करा. अधेली, पावली, चवली असेल तर तिचा तिसरा ढीग. अधेलीचं वजन रुपयाच्या निम्मं, पावलीचं पाव, चवलीचं त्याच्याही निम्मं.

हा झाला चांदीचा भाव. दुसरा असतो तो संग्राहकाचा भाव, म्हणजे नाणी जमवणारे लोक देतात तो. आपल्याला वाटतं जुनं म्हणजे महाग. तसं नसतं. नाणं किती कमी उरलंय आणि किती न झिजलेलं आहे, यावर हा भाव ठरतो. 1862 साल घातलेले राणीछाप रुपये टाकसाळीत 1874 पर्यंत त्याच सालानं पडत राहिले. म्हणून ते आजही घरोघरी सापडतात, जुने असूनही दुर्मिळ नाहीत. उलट 1939 चा रुपया त्याच्यापुढं कालचा पोर, पण संग्राहक त्याच्यासाठी धडपडतात, कारण तो फार थोडा आहे. आणि म्हणूनच 1938 च्या नाण्यावर शेवटचा आकडा कोरून 1939 करणारे बहाद्दरही आहेत. तसा रुपया कुणी विकत घ्या म्हणालं तर लांबूनच नमस्कार.

1911 च्या रुपयाची गोष्ट ऐका. राजाच्या झग्यावर हत्ती काढला होता. तो एवढा बारीक, की लोकांना डुक्कर वाटला आणि मुसलमान समाजानं हरकत घेतली. सरकारनं पुष्कळ नाणी परत घेऊन आटवली आणि 1912 पासून हत्ती नीट काढला. म्हणून 1911 चं साल दिसलं तर ते नाणं बाजूला ठेवा, आटवायला देऊ नका, आधी दाखवून घ्या.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेनं आपला पहिला चांदीचा डॉलर 1794 साली पाडला. त्या वर्षी टाकसाळीतून फक्त 1,758 डॉलर बाहेर पडले. त्यातलंच अतिशय चांगलं राहिलेलं एक नाणं 2013 साली लिलावात एक कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. एवढी किंमत चांदीची नाही. ती दुर्मिळपणाची आणि जपणुकीची.

आणि याच अमेरिकेची चांदी आपल्या ट्रंकेत आहे, हे माहीत आहे का? पहिल्या महायुद्धात भारतात रुपयांची एवढी टंचाई झाली, की सरकारला 1917 साली एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोकांचा कागदावर भरवसा नव्हता, ज्याला त्याला कलदार हवा. तेव्हा अमेरिकेनं 1918 मध्ये कायदा करून आपले सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर आटवले आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रज सरकारला भारतासाठी विकली. ती इथं आली आणि तिचे रुपये पडले. तुमच्या घरातल्या 1918-19 च्या रुपयात कदाचित ती चांदी असेल. तिकडं कुणाच्या खिशात असलेली चांदी आपल्या आजीच्या कनवटीला लागली.

त्याआधी आपल्या पुण्याचा म्हणून रुपया होताच. पेशवाईत पुण्याला अंकुशी रुपया पडायचा. त्यावर अंकुशाची खूण आणि फारसी अक्षरं, तीही दिल्लीच्या बादशहाच्या नावाची. तो ओबडधोबड दिसतो, गोल नीट नाही, म्हणून कुणी खोटा समजून मोडीत देतं. तसं करू नका. तांब्याची शिवराई आपल्या भागात ऐकून माहीत असतेच, तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं. असं काही घरात निघालं तर जाणकाराला दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आणि संग्रहालय आहे. तिथं नाण्यांची माहिती असलेली माणसं भेटतात.

आता आपल्या हाताला लागलेली एक सवय. दिवाळीत आपण नाणी चिंचेनं, राखेनं, भांड्यांच्या पावडरीनं घासतो. लखलखीत होतात, देवापुढं छान दिसतात. पण संग्राहकाला ती घासलेली नको असतात. वर्षानुवर्षं चढलेला काळसर रंग आणि न झिजलेली नक्षी, हीच त्याला हवी. म्हणून ज्या नाण्याबद्दल शंका आहे ते घासायचं नाही. पूजेला ठेवा, हळदकुंकू कागदावर वाहा, आणि नाणं कोरड्या कागदी पाकिटात वेगळं ठेवा. सगळी एका डब्यात टाकली की एकमेकांवर घासून झिजतात. ज्यांना भोक पाडून किंवा डाक देऊन कडी लावून माळ केलीय, त्यांना संग्राहकाचा भाव सहसा मिळत नाही, पण चांदीचा भाव मिळतोच. आणि माळ म्हणून तिची जी किंमत तुमच्या मनात आहे, ती कुणी काट्यावर तोलू शकत नाही.

आता फसवणूक. फोनवर निरोप येतो, “जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या.” तुम्ही फोटो पाठवता, ते म्हणतात नाणं पास झालं, आता आधी नोंदणीचे दोन हजार भरा, मग कराचे पाच हजार. वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह लावलेलं पत्र. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय, की जुन्या नोटा आणि नाण्यांचा असा कुठलाही व्यवहार ती करत नाही, त्यासाठी पैसे घेत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. जो आपल्याला लाख देणार आहे, त्याला आपले दोन हजार कशाला हवेत? एवढा प्रश्न स्वतःला विचारा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा. उशीर करू नका, लाजू तर अजिबात नका.

तसंच ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि रामदरबार किंवा हनुमान असलेली ‘1616’, ‘1818’ सालची नाणी. कंपनीनं अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. देव म्हणून पूजा करा, पण त्यासाठी पैसे मोजू नका. आणि तांदूळ ओढणारं नाणं म्हणून कुणी आलं तर सरळ पोलीस पाटलांना कळवा. धातू तांदूळ ओढत नाही, माणसंच पैसे ओढतात.

कायद्याच्या दोन गोष्टी. नांगरताना, पाया खणताना नाण्यांचं गाडगं निघालं तर ते गुपचूप विकायचं नाही. 1878 चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर आपला हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि कुणी मालक निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारला तो ठेवा हवा असेल तर सरकार त्याची किंमत देतं. दुसरी गोष्ट, शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचं नाही. त्याला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे.

आणि शेवटी आपल्या गटाचं काम. येत्या मासिक बैठकीत एक काटा, एक भिंग आणि एक वही ठेवा. ज्यांची इच्छा असेल त्यांनी नाणी आणावीत. किती आहेत हे चारचौघींत सांगायचं नसेल तर घरीच करावं. वहीत लिहा: कुणाचा छाप, कोणतं साल, वजन किती, कडी आहे का, कुणाकडून मिळालं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. माहेरून, लग्नात मिळालेली नाणी बाईची स्वतःची. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नं तिच्या ताब्यातल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी आहे. पण उद्या वाटणीच्या वेळी तोंडी सांगणं टिकत नाही, लिहिलेलं टिकतं. विकायचंच असेल तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, एकटी जाऊ नका, पावती घ्या. आणि गरज फार मोठी नसेल तर आधी गटातून कर्ज घ्या. कर्ज फिटतं, आटवलेलं नाणं परत येत नाही.

मैत्रिणींनो, नाणं विकू नका असं आमचं म्हणणं नाही. ते अडीनडीलाच ठेवलंय. पण विकाल तेव्हा किती ग्रॅम दिले आणि किती रुपये घेतले, हे तुम्हाला सांगता यायला हवं.