नंदिवर्धनची राणी आणि रोमचा सम्राट

पारशिवनी-रामटेक पट्ट्यातल्या मंडळींना नगरधनचा किल्ला काही नवा नाही. पण आज उभा दिसतो तो किल्ला पुष्कळ नंतरचा. त्याच्या कितीतरी आधी या गावात वाकाटक राजांची राजधानी होती, नंदिवर्धन. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथून कारभार पाहत होती एक विधवा राणी, प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. नवरा रुद्रसेन अकाली गेला, मुलगा दिवाकरसेन अजाण, म्हणून राज्याचा भार तिच्यावर आला.

डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने 2015 ते 2018 या काळात नगरधनला उत्खनन केलं, तेव्हा तिच्या मुद्रेचा मातीचा ठसा हाती लागला. लंबगोल, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यावर ब्राह्मी लिपीत तिचं नाव आणि सोबत शंख. शंख विष्णूचा. सासरचे पूर्वज शिवभक्त, तरी राज्याच्या मुद्रेवर राणीने आपलं दैवत ठेवलं.

याच सुमारास रोमच्या गादीवर होता थिओडोसियस. जन्म 347चा, स्पेनमधला. बाप सेनापती, त्याला देहदंड झाला, तेव्हा मुलगा गावी जाऊन बसला. 378 साली एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ टोळ्यांनी रोमची फौज कापून काढली, खुद्द सम्राट मारला गेला. मग 379 मध्ये थिओडोसियसला बोलावून गादी दिली. पुढच्याच वर्षी त्याने फर्मान काढलं: रोमच्या प्रजेने ख्रिस्ती धर्माचा अमुकच पंथ पाळावा, बाकीचे ख्रिस्तीसुद्धा पाखंडी. त्याची श्रद्धा खरी होती, हे मी मानतो. 390 साली थेसालोनिकात त्याच्या हुकमावरून मोठी कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला प्रायश्चित्त सांगितलं, आणि एवढ्या मोठ्या सम्राटाने ते चारचौघांत घेतलं.

पण 392चा त्याचा कायदा वाचताना अंगावर काटा येतो. बळी देणं तर बंदच. त्यापुढे जाऊन घरातल्या देवांपुढे दिवा लावायचा नाही, धूप जाळायचा नाही, हार घालायचा नाही. झाडाला पूजेची फीत बांधायची नाही. म्हणजे आपल्याकडची देवघरातली समई आणि वडाला गुंडाळलेलं सूतच म्हणा. जिथे धूप जळाला ते घर सरकारजमा. देवळं बंद करणारे राजे इतिहासात पुष्कळ झाले. हा माणूस थेट माजघरात शिरला.

इकडे नंदिवर्धनच्या राणीचा एक ताम्रपट आज पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो. त्यात तिने कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, दंगुण नावाचं गाव आधी भगवंताच्या पावलांना वाहिलं आणि मग चनालस्वामी या आचार्यांना दान दिलं. तिचा नवराही चक्रपाणीचा, म्हणजे विष्णूचाच भक्त. आणि धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन? तो कट्टर शिवभक्त. याच प्रवरसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ काव्य रचलं, ते मात्र रामकथेवर. पुढे वाकाटकांच्या वाशिमच्या शाखेत राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं बौद्ध भिक्षूंना अर्पण केलं. आईचं दैवत वेगळं, मुलाचं वेगळं, मंत्र्याचं तिसरंच. त्यापायी कुणाचं घर जप्त झालं असं वाकाटकांचा एकही ताम्रपट सांगत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

मात्र वाकाटकांचं राजकारण भोळं नव्हतं. रोमने कायद्याने लोकांवर जी पकड साधली, ती यांनी जमिनीने साधली. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट पाहा. प्रवरसेनाने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी हजार ब्राह्मणांना आठ हजार ‘भूमी’ (जमिनीचं तेव्हाचं माप) दिल्या, आणि खाली रोखठोक अटी घातल्या: राज्याशी द्रोह करायचा नाही, राजावर विषप्रयोग करायचा नाही, चोरी-व्यभिचार नाही, लढाई करायची नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. अट मोडली तर राजा जमीन परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. दान देणारा हात दोरी सोडत नव्हता.

त्याच ताम्रपटात दान दिलेल्या गावाला काय काय माफ, याची यादी आहे. शिपायांनी गावात शिरायचं नाही. गाई-बैल न्यायचे नाहीत. फुलं, दूध, कातडं, कोळसा, मीठ, काही मागायचं नाही. कुठलीही वेठबिगार नाही. ही सूट ज्या गावांना नव्हती, त्यांच्या गोठ्यातलं दूध, त्यांच्या चुलीचा कोळसा आणि त्यांच्या माणसांचे दिवस सरकार मागू शकत होतं. पण त्या गावांच्या नावे कुणी ताम्रपट कोरले नाहीत.