जुनी मोटार घेतांना



माझें सारें आयुष्य मुलांचे दाखले तपासण्यांत गेलें. शाळेंत नवा विद्यार्थी नांव घालावयास आला म्हणजे त्याचा सदरा किती पांढरा आहे हें आम्ही पाहत नसूं. मागील शाळेचा दाखला कोठें आहे, हा आमचा पहिला प्रश्न असे. मी मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. यंत्रविद्येशीं माझा संबंध नाहीं. परंतु जुनी मोटार घेतांना शाळेंतला हा साधा नियम मी विसरलों, आणि त्या विसराची शिक्षा माझ्या घरानें भोगली. एकदां ठेंच लागलेल्या शेजाऱ्याचे बोल म्हणून आपण माझें हें भाषण ऐकावें.

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील २२ आणि २३ या तारखांमधली रात्र नागपूरकर विसरणार नाहींत. अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, नाग नदीचें पाणी कांठच्या वस्त्यांत शिरलें, आणि आमच्या सीताबर्डीचें मोरभवन बसस्थानक पाण्याखालीं गेलें. घरांपुढें उभ्या असलेल्या मोटारी पाण्यांत बुडाल्या. त्या मोटारींचें पुढें काय झालें, हा प्रश्न त्या वेळीं माझ्या मनांत आला नाहीं.

त्यानंतर पांच महिन्यांनीं मी मोटार शोधावयास निघालों. माझ्या पत्नीस आठवड्यांतून दोनदां डायलिसिसकरितां न्यावें लागतें. मेट्रोचें स्थानक आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. परंतु उपचारानंतर तिच्या अंगांत तेवढें चालण्याचेंही त्राण उरत नसे, आणि ऑटोची वाट पाहत उन्हांत उभें राहणें तिला सोसत नसे. निवृत्तीच्या पैशांतून तीन लाख रुपये काढून मी एका विक्रेत्याकडे गेलों. गाडी सात वर्षांची, रंग चकचकीत, गाद्यांवर नवीं कव्हरें, आणि आंत अत्तराचा घमघमाट. मला वाटलें, पूर्वींच्या मालकानें गाडी किती निगुतीनें ठेविली आहे! एवढें अत्तर कशाकरितां, हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं.

मे महिन्यांतील एका दुपारीं दवाखान्यांतून परततांना वर्धा मार्गावर गाडी एकाएकीं बंद पडली. कांचा विजेवर चालणाऱ्या; त्या खालीं होईनात. दारेंही आंतून उघडेनात. पत्नी मागच्या गादीवर निपचित पडलेली. रस्त्यानें जाणाऱ्या दोघां तरुणांनीं बाहेरून दार ओढून उघडलें, तिला झाडाखालीं नेऊन बसविलें, पाणी दिलें, म्हणून तो प्रसंग निभावला. संध्याकाळीं ओळखीच्या मिस्त्रीनें गाडींतला गालिचा उचलला. खालीं वाळलेला बारीक गाळ होता आणि विजेच्या तारांच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता. “गुरुजी, ही गाडी पुरांत बुडली होती,” एवढेंच तो बोलला.

या धंद्याचें मर्म जॉर्ज ॲकरलॉफ नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालच्या एका निबंधांत उलगडून दाखविलें आहे. पुढें २००१ सालीं अन्य दोघांबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. गाडीचा खरा गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा भीतभीत मधली किंमत सांगतो. चांगल्या गाडीच्या मालकास ती किंमत परवडत नाहीं, तो गाडी घरींच ठेवतो. वाईट गाडीचा मालक ती आनंदानें देतो. अशा रीतीनें बाजारांत खोटा माल साचत जातो आणि खरा माल निघून जातो. आमच्या वऱ्हाडांतला शेतकरी बैलाचे दांत पाहतो, त्याला चालवून पाहतो, पाठीवर हात फिरवितो, तो याचकरितां. विकणाऱ्याला जें ठाऊक आहे, त्यांतलें जेवढें आपल्याला कळेल तेवढे आपले पैसे वांचले.

पहिला प्रश्न मात्र गाडीला विचारावयाचा नसून स्वतःला विचारावयाचा असतो. घरांत माणसें किती, रोजचा प्रवास किती, गाडी रात्रीं उभी कोठें राहणार? बर्डीच्या मुख्य रस्त्यावर सायंकाळीं ज्यानें मोटार नेली आहे त्याला लहान गाडीचें महत्त्व सांगावयास नको. शहरांतल्या शहरांत थोडें फिरणाऱ्यानें पेट्रोलची गाडी बघावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. लांबच्या वेगवान प्रवासांत ती तापून स्वच्छ होते, आखूड फेऱ्यांत ती तुंबते. शिवाय नव्या गाडीचा भाव विचारल्यावांचून जुनी घेऊं नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या मोटारींवरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळें त्यापूर्वींच्या भावांवरून सांगितलेली जुन्या गाडीची किंमत आतां जड ठरूं शकते.

दुसरी गोष्ट भरंवशाची. भरंवशाची गाडी म्हणजे कधींच न बिघडणारी गाडी, अशी आपली समजूत असते. अशी गाडी जगांत नाहीं. बिघडल्यावर जी आपल्याच गांवांत, आपल्या ऐपतींत दुरुस्त होते ती भरंवशाची. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तीस वर्षें मध्यमवर्गानें तिला जवळ केलें, कारण तिचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानांत मिळे आणि तिचें इंजिन कोणत्याही मिस्त्रीच्या ओळखीचें असे. म्हणून थोड्याच खपलेली, परदेशी डौलाची गाडी स्वस्त मिळाली तरी मोह आवरावा. तिच्या एका दिव्याकरितां महिना महिना वाट पाहण्याची पाळी येते.

वयाविषयीं एक सूचना. १ एप्रिल २०१९ पासून मोटारींना ए. बी. एस. ब्रेक आणि त्याच वर्षीं १ जुलैपासून चालकाकरितां एअरबॅग आवश्यक झाली. चालकाशेजारच्या माणसाकरितां एअरबॅगची सक्ती त्यानंतर दोन वर्षांनीं आली. दोन गाड्यांत निवड करावयाची असेल तर ही सोय असलेली घ्यावी. थोडे पैसे अधिक पडले तरी चालतील.

आतां दाखला तपासूं. नोंदणीचें पुस्तक हातांत घ्यावें आणि त्यावरील चॅसी व इंजिन यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे. मालक कितवा, हें पाहावें. पाटीवर एम. एच. ३१ असेल तर नोंदणी नागपूर शहराची, ४९ असेल तर पूर्व नागपूरची आणि ४० असेल तर ग्रामीणची. गाडी समुद्रकांठच्या गांवाहून आली असेल तर खालून वांकून गंज बघावा. आमच्याकडची असेल तर उन्हानें रबर व बॅटरी किती जीर्ण झालीं आहेत तें बघावें. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते. तींतलीं किती उरलीं हें मोजावें. बँकेचा बोजा, थकलेले चलान आणि विम्याची मुदत परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून पाहतां येतात. विमा कंपनीकडे पूर्वीं मोठा दावा झाला होता काय, हेंही विचारावें. मीं हा एकच प्रश्न विचारला असता तर पुराची कथा तेव्हांच कळली असती. दुरुस्तीच्या पावत्या तारीखवार लावाव्या. प्रत्येक पावतीवर त्या दिवसापर्यंत गाडी किती किलोमीटर चालली तें लिहिलेलें असतें. आंकडा मागें फिरविला असेल तर तो तेथें पकडला जातो.

मग परीक्षा. गाडी सकाळीं, थंड इंजिनावर, आपल्यादेखत चालू करावी. विक्रेत्यानें ती आधींच तापवून ठेविली असेल तर दुसऱ्या दिवशीं यावें. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीं. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर थंड ठेवणारें पाणी आंत शिरत आहे. ऑइलच्या झांकणाखालीं दुधासारखा साका दिसला तर तेथूनच परतावें. दिवसाच्या उजेडांत रंग पाहावा; एक दार इतरांहून निराळें चमकत असेल तर अपघाताची चौकशी करावी. बॉनेटचे बोल्ट खरचटलेले असतील तर ते कां उघडावे लागले, हें विचारावें. टायरवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर समृद्धि महामार्गावर तापलेल्या काँक्रीटवरून वेगानें नेणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. स्टेपनीही पाहावी. पट्टे शेवटपर्यंत ओढून त्यांच्या मुळाशीं चिखलाचा डाग आहे काय तें पाहावें, डिकीचा गालिचा उचलावा, आणि कुबट वास किंवा फार सुवास आला तर सावध व्हावें. वातानुकूलन भर दुपारीं तपासावें. शेवटीं आपल्या ओळखीच्या मिस्त्रीस पैसे देऊन गाडी दाखवावी. हजार पांचशें रुपये वांचविण्याकरितां मीं ही पायरी गाळली होती.

व्यवहार ठरला कीं काम संपलें असें समजूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें एकाच राज्यांत विक्री झाली असतां विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. त्याकरितां २९ व ३० क्रमांकांचे अर्ज आहेत. बोजा उतरवावयाचा असल्यास ३५ क्रमांकाचा. विम्यावरील नांव बदलण्याकरितां १४ दिवसांत अर्ज करावा. कोऱ्या अर्जावर सही करून गाडी देणारे लोक पुष्कळ आहेत. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत सांगितलें कीं, गाडी कितीही हात फिरली असली तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. तेव्हां विकणाऱ्यानेंही नांव बदलल्याचा कागद हातीं येईपर्यंत निश्चिंत होऊं नये.

माझ्या त्या पुरांतल्या गाडीचें काय झालें, हें आपण विचाराल. एका दलालानें मला सल्ला दिला, “मास्तर, पुन्हां धुऊन काढूं, अत्तर मारूं, आणि देऊं कोणाच्या तरी गळ्यांत बांधून.” खरें सांगतों, एक रात्र मला झोंप आली नाहीं. तीन लाख रुपये माझ्यासारख्याला थोडे नव्हेत. परंतु त्या दुपारीं मागच्या गादीवर निपचित पडलेली माझी पत्नी डोळ्यांपुढें येई आणि तिच्या जागीं दुसऱ्या कोणाची तरी आई दिसूं लागे. सकाळीं मीं दलालास नकार दिला. गाडी पुरांतली आहे असें कागदावर लिहून ती सुट्या भागांकरितां सत्तर हजारांस दिली. पत्नीस आंकडा सांगितला तेव्हां ती म्हणाली, “बाकीची फी समजा. शिकलांत ना?”

त्या दिवाळीनंतर दुसरी गाडी घेतली. ती एका निवृत्त कारकुनाची. २०१९ च्या अखेरची. रंग थोडा उडालेला, डाव्या दारावर ओरखडा. परंतु त्यांनीं माझ्यापुढें एक जाड फाईल ठेविली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तींत होती. ओरखडा कधीं व कोणत्या खांबाला लागला, हेंही त्यांनीं न विचारतां सांगितलें. मीं घासाघीस केली नाहीं. त्याला वर्ष होऊन गेलें. सोमवारीं व गुरुवारीं ती गाडी दवाखान्याच्या दाराशीं उभी राहते आणि आम्हां दोघांना घरीं आणते.

फाईल आतां माझ्या कपाटांत आहे. नव्या पावत्या मी तींत लावीत असतों. एक दिवस ही गाडीही कोणाला तरी विकावी लागेल. त्या दिवशीं किल्लीच्या आधीं ही फाईल त्यांच्या हातीं देईन. आपण घ्यावयास जाल तेव्हां आधीं फाईल मागा, आणि विकावयास निघाल तेव्हां ती न मागतां द्या.